शंभर बाय साठ

गुरुवार, डिसेंबर महिना, सकाळी साडेदहा ते दुपारी अडीच. ठिकाण कापडे गावाच्या वरच्या अंगाची शाळा, पहिली ते सातवी, पट एकसष्ट. हजर – मी, म्हणजे शाळा तपासणी पथकाची नर्स, आमच्या पथकाचे औषधनिर्माते, त्यांना सगळे भाऊ म्हणत, शाळेचे दोन गुरुजी, जीपचा ड्रायव्हर, आणि एकसष्टपैकी एकसष्ट मुलं. गैरहजर – पथकाच्या डॉक्टर बाई. एका दिवसात दोन शाळा उरकायच्या होत्या, म्हणून त्या खालच्या गावच्या शाळेत थांबल्या आणि मला वर पाठवलं.

तारीखही मला पाठ आहे. लिहीत नाही.

मी यादी करणारी बाई आहे. वाणसामानाची, लसींची, लग्नात कोणाला बोलवायचं त्याची – माझ्या पर्समध्ये घडी घातलेला कागद कायम असतो. म्हणून सुरुवात अशी झाली. हजेरी घेतल्याशिवाय मला पुढे सरकता येत नाही. आणि खरं म्हणजे – पुढे सरकायची इच्छाही होत नाहीये.

पुढचं मी कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. ज्यांच्याबरोबर नऊ वर्षं एका जीपमधून फिरले त्या डॉक्टर बाईंना तर नाहीच. तुम्हाला का सांगते आहे? तुम्ही मला ओळखत नाही, बहुतेक म्हणून.

आधी काम कसं चालायचं ते सांगते. वर्षातून एकदा प्रत्येक शाळेत जायचं. वजन, उंची, डोळे, दात, कातडी. छापील तक्ता असायचा. त्याला डॉक्टर बाईंनी हाताने दोन रकाने जोडले होते – एक रक्तदाबाचा, एक पायातल्या नाडीचा. का, ते त्यांनी वरंधच्या रस्त्याला जीप बंद पडली होती तेव्हा समजावून सांगितलं. हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी, महारोहिणी, काही मुलांत जन्मतःच एका जागी अरुंद असते, चिमटीत धरल्यासारखी. हातांकडे आणि डोक्याकडे जाणाऱ्या फांद्या त्या जागेच्या आधीच फुटलेल्या असतात, त्यामुळे तिथे रक्त नको तेवढ्या जोराने जातं. पायांकडे कमी. फारच अरुंद असेल तर बाळ जन्मल्यावर काही दिवसांतच गळून जातं आणि धावपळ होते. पण थोडं कमी अरुंद असेल तर वर्षानुवर्षं कळत नाही. मूल खेळतं, शाळेत जातं. कधी डोकं दुखतं, कधी नाकातून रक्त येतं, चढ चढताना पोटऱ्या भरून येतात. घरचे म्हणतात उन्हाने झालं.

शोधायला यंत्र लागत नाही, असं त्या म्हणाल्या. एक बोट मनगटावर, एक बोट जांघेत. दोन्ही ठोके एकदम लागले पाहिजेत. पायाचा उशिरा लागला, मंद लागला, किंवा हाताचा रक्तदाब वाढलेला दिसला, तर मूल माझ्याकडे पाठवा. लवकर सापडलं तर पुष्कळ काही करता येतं. उशीर झाला की वाहिनी रुंद केली तरी रक्तदाब कधी कधी खाली येत नाही.

हे सगळं मला माहीत होतं. आधीच सांगून ठेवते.

आता पायातल्या नाडीचं सांगते. जांघेत बोट लावायला आडोसा लागतो. शाळेत आडोसा म्हणजे दोन खिडक्यांना बांधलेली चादर. लहान मुलं हसून लोळायची, मोठ्या मुली आक्रसून उभ्या राहायच्या, गुरुजी वऱ्हांड्यात जाऊन उगाच घंटा न्याहाळायचे. एका मुलामागे चार मिनिटं जायची. एका गावात एका आईने येऊन विचारलं होतं, पोरींना हे कसलं तपासणं? मग मी एक युक्ती काढली. आदल्या दिवशी गुरुजींकडून फोनवर पट घ्यायचा, संध्याकाळी घरी तक्ता भरायचा, आणि ज्या रकान्यात बहुतेक मुलांचं ‘ठीक’च निघतं त्या रकान्यात वरपासून खालपर्यंत टिका मारून ठेवायच्या. काही वेगळं आढळलंच तर शाळेत खोडायचं. पायातल्या नाडीचा रकाना मी असा भरत होते. किती शाळांत? पुष्कळ.

टिका पेनाने असायच्या. खोडलं की पान घाण दिसायचं. मला घाण पान आवडत नाही. हसू नका – किंवा हसा. महाडच्या मासिक बैठकीत माझे तक्ते वर धरून दाखवायचे. प्रलंबित शून्य. मला ते शब्द आवडायचे.

त्या गुरुवारी रक्तदाब मात्र मी खरोखर मोजत होते. साठेक मुलांचा मोजायचा म्हणजे दंडाला पट्टा, फुगवा, ऐका, सोडा, पुढचा. तिसरीतली प्रणिता रांगेत मध्ये कुठेतरी होती. आठ वर्षांची, काटकुळी, दोन वेण्या, वेण्यांना लाल रिबिनी. गुरुजी म्हणाले, हिचं वरचेवर डोकं दुखतं, गेल्या महिन्यात वर्गात नाकातून रक्त आलं. तिने स्वतः एकच सांगितलं, वाडीची चढण चढताना पाय दुखतात.

मी पट्टा लावला. एकशे सेहेचाळीस.

सोडला, हात बदलला, पुन्हा फुगवला. एकशे चव्वेचाळीस.

आठ वर्षांच्या मुलीचा आकडा शंभराच्या आसपास असतो. मी भाऊंकडे बघून म्हटलं, पट्टा बिघडला वाटतं. ते गोळ्या मोजत होते, मान हलवली. पण पट्टा बिघडला नव्हता. तिच्या आधीच्या मुलाचा पंच्याण्णव आला होता, तिच्या नंतरच्या मुलीचा अठ्ठ्याण्णव. लहान पट्टा त्या दिवशी पथकात नव्हता, मी मोठ्यांचा वापरत होते – आणि मोठा पट्टा बारीक दंडाला लावला तर आकडा खरा असतो त्याहून कमी दिसतो, जास्त नाही. हेही मला माहीत होतं. म्हणजे खरा आकडा त्याहून मोठाच असणार.

चादरीआड नेऊन जांघेत बोट लावायला चार मिनिटं लागली असती. लावलं असतं तर? मग टीक खोडावी लागली असती. मग संदर्भपत्र, मग आईला बोलावणं, मग डॉक्टर बाईंकडे पाठवणं, तिथून मोठ्या दवाखान्यात, आणि नंतर दर महिन्याला ‘त्या केसचं काय झालं’. साठ झाले, एक प्रलंबित. ड्रायव्हर तीन वाजता निघायचं म्हणत होता. पण त्याच्यावर ढकलत नाही. मी थांबा म्हटलं असतं तर तो थांबला असता.

मी तिच्या नावापुढे लिहिलं – शंभर बाय साठ. तिच्या कार्डावरही तेच लिहिलं, खाली सही केली. तिला म्हटलं, जेवण नीट कर, पाणी पी, उन्हात हुंदडू नको. तिने कार्ड दोन्ही हातांत धरलं आणि वर्गात गेली.

विसरले का? नाही. विसरले असते तर हे लिहायची वेळ आली नसती. जीपमध्ये बसल्यावरही वाटलं, परत जावं. पुढच्या वर्षी त्या शाळेची पाळी येईल तेव्हा मुद्दाम बघू, असं ठरवलं. पुढच्या वर्षी माझी बदली महाडच्या सरकारी दवाखान्यात झाली. नव्या नर्सला मी शाळांची यादी दिली, कुठे रस्ता खराब, कुठे गुरुजी कटकटे, सगळं लिहून दिलं. प्रणिताचं नाव दिलं नाही.

मधल्या एका पावसाळ्यात सावित्रीचं पाणी महाडात चढलं, तेव्हा तपासणीचे जुने तक्तेही गेले. आम्ही चार दिवस फावड्याने गाळ उपसत होतो. कपाट उघडलं तर कागदाचा लगदा. सगळे हळहळत होते. मीही चेहरा तसाच केला होता. आत मात्र – काय वाटलं सांगू? सुटल्यासारखं वाटलं. गावातल्या लोकांचे संसार चिखलात पडले होते आणि मला सुटल्यासारखं वाटलं.

त्यानंतर काही वर्षांनी, बाह्यरुग्ण विभागात माझी ड्युटी असताना, एक उंच मुलगी आईबरोबर आली. पोलीस भरतीची तयारी करत होती. धावताना पोटऱ्या दगडासारख्या होतात, डोकं ठणकतं, म्हणून आली होती. नाव ऐकलं आणि मी केसपेपर पुन्हा वाचला. गाव वाचलं. अठरा वर्षांची झाली होती.

आमच्याकडे तेव्हा नवीन डॉक्टर होता, पहिलीच नेमणूक, मिशीसुद्धा नीट आलेली नाही. त्याने मला रक्तदाब घ्यायला सांगितलं. एकशे शहात्तर. तो म्हणाला, एसटीतून उतरून घाईघाईत आली असेल, दहा मिनिटं बसवा. बसवलं. एकशे बहात्तर. मग दुसरा हात. तेवढाच. पोराने विचारलं, पाय गार पडतात का? मुलगी हसली. म्हणाली, माझी बहीण मला अंथरुणात घेत नाय, म्हणते हिला फ्रीजमधनं काढलाय.

त्याने मला पडदा ओढायला सांगितलं, आणि एक बोट मनगटावर, एक जांघेत ठेवून तो डोळे मिटून उभा राहिला. मी शेजारी होते. मोजून पाऊण मिनिट लागलं असेल. मग म्हणाला, सिस्टर, मांडीला पट्टा लावा. मी लावला. मांडीचा आकडा हातापेक्षा जास्त असायला हवा. आला एकशे चार. त्याने पाठीवर, दोन खांद्यांच्या मध्ये, स्टेथोस्कोप लावला आणि बराच वेळ ऐकलं. एवढंच. दहा वर्षं जे राहिलं होतं ते एका सकाळी झालं.

पुढे मुंबईला पाठवलं. तिथे हृदयाची सोनोग्राफी झाली, सीटी स्कॅन झालं. महारोहिणी एका जागी अरुंद, जन्मापासूनची. पण मुंबईचं नंतर. त्या सकाळचं अजून संपलेलं नाही.

डॉक्टरने आईला विचारलं, आधी कधी तपासलं होतं का हिला? आईने – तिचं नाव वनिता – पिशवीतून प्लास्टिकचं पाकीट काढलं. रेशनकार्ड, जन्मदाखला, बँकेचं पुस्तक, आणि त्यांच्यामागे शाळेच्या तपासणीचं कार्ड. दहा वर्षांत एक डाग नाही. वर माझं अक्षर. शंभर बाय साठ. पायातल्या नाडीपुढे टीक. माझी सही.

डॉक्टरने कार्ड बघितलं आणि नवल केलं. प्रणिता माझ्याकडे बघत होती. म्हणाली, ह्याच बाई होत्या की. त्याने मला विचारलं, सिस्टर, तुम्ही बघितलं होतं?

मी म्हटलं, नोंद आहे ना सर. म्हणजे बघितलंच असणार.

त्याने ते मानलं. का मानू नये? त्याने वनिताला समजावलं की ही अरुंद जागा जन्माचीच असते, पण कधी कधी लहानपणी कमी असते आणि वाढत्या वयात जास्त आवळते. केसपेपरवर लिहिलं – आठव्या वर्षी रक्तदाब सामान्य. ती ओळ मुंबईच्या कागदांवरही गेली. डिस्चार्जच्या कागदावर मी ती इंग्रजीत वाचली आहे.

मुंबईत मांडीतल्या वाहिनीतून तार नेऊन अरुंद जागा फुग्याने उघडली, जाळी बसवली. बाप भांडुपला कंपनीत आहे, त्याच्या खोलीवर मायलेकी महिनाभर राहिल्या. काम चांगलं झालं. पण हृदयाची भिंत जाड झालेली, आणि रक्तदाब पूर्ण खाली आला नाही. गोळ्या जन्मभर. पोलीस भरती नाही. बाळंतपणाच्या वेळी मोठ्या दवाखान्यातच राहावं लागेल, तेही डॉक्टरांना विचारून. तिथल्या डॉक्टरांनी वनिताला सांगितलं की लहानपणी सापडलं असतं तर बरं झालं असतं. तिने त्यांना कार्ड दाखवलं. तेव्हा नव्हतं ना डॉक्टर, म्हणाली. हे तिनेच मला सांगितलं.

आता जे सांगायचं त्याच्याभोवती मी किती घिरट्या घातल्या, तुमच्या लक्षात आलं असेल. आकडा खोटा लिहिला, हे वाईटच. पण ते एका दुपारचं होतं. पुढचं एका दुपारचं नाही.

वनिता दर महिन्याला मुलीला घेऊन गोळ्यांसाठी येते. बाकावर बसून माझ्याशी बोलते. घरात सासू आहे. सासूने त्या कार्डाचा सरळ अर्थ काढला. आठव्या वर्षी पोर चांगली होती, सरकारी नर्सने सहीनिशी लिहून दिलंय. मग बिघडली कशाने? तर आईने. दहाव्या वर्षापासून वनिता पोरीला रानात नेत होती, गवताचे भारे, लाकडाच्या मोळ्या, चढणीवरून डोक्यावर. नवरा मुंबईला, घरात दुसरे हात नाहीत, कोणाला नेणार? सासू म्हणते, भाऱ्याने पोरीची शीर दबली. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते. नवऱ्याला फोनवर सांगते. नवरा आता वनिताशी कामापुरतं बोलतो. एक स्थळ चौकशीला आलं होतं, त्यांच्यासमोरही सासूने हेच सांगितलं – पोरीत जन्माची खोट नाय हो, आयेने केली.

डॉक्टरांनी जन्माचं म्हणून सांगितलं होतं. पण ‘वाढत्या वयात आवळते’ हेही सांगितलं होतं, आणि घरात तेवढंच धरून ठेवलं गेलं. त्या अर्ध्या वाक्याला टेकू कोणाचा? माझ्या कार्डाचा.

गेल्या मार्गशीर्षात ती एकटी आली. मान धरली होती. मुलीला आता काही उचलू देत नाही, दोघींचे भारे एकटी आणते, दोन खेपा. मी मानेला मलम दिलं. तिने ते घेतलं नाही. माझ्या टेबलाजवळ उभी राहिली, आजूबाजूला कोणी नाही बघून हळू बोलली.

“बाई, तुमी तपासलात तवा हिला काय नव्हतं ना? खरं सांगा. मी कुनाला बोलायची नाय.”

बघा, तिनेच दार उघडून दिलं होतं. कोणाला बोलायची नाही म्हणाली. माझी नोकरी धोक्यात नव्हती, तक्ते नदीने नेले होते, डॉक्टर बाई निवृत्त झाल्या होत्या. मला फक्त एक वाक्य बोलायचं होतं.

मी म्हटलं, “नव्हतं.”

तिने मान हलवली. दुखऱ्या मानेने. “मंग मीच,” म्हणाली, आणि मलम उचलून पदराच्या गाठीत बांधलं.

कशाला म्हटलं असं? विचार करून म्हटलं नाही. पण म्हटल्यावर विचार केला, आणि तरी तिला हाक मारली नाही. ती दारापर्यंत गेली, चप्पल घातली, गेटातून बाहेर पडली. मी खिडकीतून बघत होते. वेळ भरपूर होता.

त्यानंतर मी काय केलं माहीत आहे? यादी केली. त्या गुरुवारच्या एकसष्ट मुलांची नावं आठवून लिहिली, उरलेली गुरुजींच्या जुन्या हजेरीपत्रकातून काढली. कोणी लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेली, कोणी मुंबईला, कोणी इथेच महाडच्या कारखान्यात. दवाखान्यात आले की, गावात शिबिर असलं की, काहीतरी कारण काढून रक्तदाब बघते, नाडी बघते. प्रणिताच्या धाकट्या बहिणीला तर तपासून घ्या म्हणून मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलंच होतं, तिची हृदयाची सोनोग्राफी मी बरोबर जाऊन करून आणली. सगळं ठीक निघालं. वनिताने त्या दिवशी माझे हात हातात घेतले. तुमच्यावानी कोन करतं बाई, म्हणाली. मी हात काढून घेतले नाहीत.

एकसष्टपैकी त्रेपन्न झाली. बाकी आठही होतील. हे मला जमतं. रस्ता, फोन, कागद, पाठपुरावा – यात मी कधी कमी पडले नाही. एवढं सगळं मी करते ते कशासाठी, हे तुम्हाला दिसतंय तसं मलाही दिसतं.

प्रणिता आता पोलादपूरला एका दुकानात हिशेब ठेवते. मला बघून हसते. तिला वाटतं आईमुळे झालं का? मी विचारलेलं नाही.

माझ्या बाजूने काही सांगायचं असतं तर या कागदावर जागा होती. काम जास्त होतं, जीप एकच होती, डॉक्टर बाई नव्हत्या. हे सगळं खरं आहे. पण त्या मुलीचा दंड माझ्या हातात होता आणि आकडा माझ्या समोर होता.

दवाखान्याच्या बाकावर वनिताच्या कानात सांगून भागणार नाही, हे मला कळतं. जिथे ठपका ठेवला गेला तिथे ते बोलायला हवं. तिच्या घरी, पडवीत, सासू समोर बसलेली असताना, नवरा सुट्टीला आलेला असताना. कार्ड बाहेर काढायला सांगून, त्यावरचा आकडा दाखवून, तो मी कसा लिहिला ते सांगायला हवं. आणि त्याआधी डॉक्टरकडून केसपेपरवरची ती ओळ खोडून घ्यायला हवी. नवरा गणपतीला आला होता, गेला. शिमग्याला आला होता, आठ दिवस राहून गेला. कापड्यापर्यंत एसटी जाते, पुढे वाडीवर पाऊण तास चालायचं.

मी अजून गेलेले नाही.